सायरा आपाची कात्री

सायरा आपांच्या ब्लाउजला डाव्या बाजूला कायम सुया टोचलेल्या असायच्या. दोन बारीक, एक जाड, तीन-चार टाचण्या आणि त्यातल्या एका सुईतून लोंबणारा दोरा. दोऱ्याच्या रंगावरून आज कोणाचं काम चालू आहे ते कळायचं. बोलता बोलता उजवा हात तिथं जायचा, न बघता नेमकी हवी ती सुई उपसायचा आणि काम झालं की परत तिथंच खोचायचा. मी एकदा म्हटलं, "आपा, टोचेल कधीतरी." त्या म्हणाल्या, "तीस वर्षं झाले मॅडम, सुयाईले माहीत हाय कुठं थांबायचं ते."

पांढरकवड्यात आमची घरं लागून होती. मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. दोन मशीन, कापायचा टेबल आणि माप घ्यायच्या कोपऱ्याला जाड पडदा. नवरा रज्जाक भाई हायवेला दुचाक्या दुरुस्त करायचे. मुलं शिकून बाहेर पडलेली. आपा फक्त बायकांचं शिवायच्या, त्यातही ब्लाउज जास्त. पुरुष गिऱ्हाईक आलं तर दारातूनच सांगायच्या, "भाऊ, तुमचं अंग सरळ हाय, कोणी बी शिवून देईन."

त्यांच्या मापाच्या वहीत एकही नाव नव्हतं. पानावर आकडे आणि शेजारी त्या बाईच्या कापडाचा इंचभर तुकडा टाचलेला. कोणतं पान कोणाचं हे फक्त आपांना ठाऊक. बाईचं माप हे तिचं खाजगी असतं, वही कोणाच्या हाती लागली तर कापड दिसावं, बाई दिसू नये, असा त्यांचा हिशेब होता. माझं पान शेवाळी रंगाच्या तुकड्याचं होतं. दर दोन वर्षांनी त्या आकडा खोडून मोठा आकडा लिहायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. 

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. रोज पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव असायचं आणि ते वाचावंसं वाटायचं नाही. मला मात्र पेपरापेक्षा आपांच्या टेबलावरून जास्त कळायचं. हंगाम बरा गेला की दिवाळीनंतर नव्या कापडाचे गठ्ठे, अस्तराची घाई. वाईट गेला की जुनी ब्लाउजं उसवून सैल करायला यायची, सासूचं सुनेला बेतायला यायचं. सलग तीन वर्षं टेबलावर नवं कापड फारसं दिसलं नाही.

त्याच काळात केळापूरकडच्या एका खेड्यातून एक सासू सुनेला घेऊन आली. मुलगी बावीस-तेवीसची, नवरा जाऊन दोन महिने झालेले. सासूनं चार पांढरट कापडं टेबलावर ठेवली. गळा बंद पाहिजे, बाही कोपराच्या खाली पाहिजे. आपांनी निमूट माप घेतलं. आठ दिवसांनी ब्लाउजं तयार झाली ती साध्या चौकोनी गळ्याची आणि कोपराच्या वर संपणाऱ्या बाहीची. सासू संतापली.

"मावशी, कापड कमी पडलं," आपा म्हणाल्या.

"चारही कापडं कमी पडले?"

"एकाच थानाचे होते नं. सारेच आखूड निघाले."

सासू गेल्यावर मी विचारलं, खरंच कमी पडलं होतं का. आपांनी टेबलाखालून उरलेल्या कापडाची घडी काढून दाखवली. त्यात एक ब्लाउज आरामात झालं असतं. "हे तिले नंतर देईन," म्हणाल्या. "एकटी आली का." त्या खोटं फार शांतपणे बोलायच्या, आणि फक्त कापडाबद्दल बोलायच्या.

त्यांची कापायची एक पद्धत होती. कापड दुहेरी घडी घालून डावा-उजवा भाग एकदमच कापायच्या. सगळेच शिंपी तसं करतात, पण आपांचा त्यावर फार जोर होता. दोन्ही बाजू एका कात्रीनं, एका वेळी निघाल्या पाहिजेत, नाहीतर सुतभर फरक पडतो आणि तो अंगावर दिसतो. शिकायला येणाऱ्या मुलींना त्या एकच गोष्ट पन्नासदा सांगायच्या: जोडीचं जोडीनंच कापायचं. ही सवय पुढे आड येणार होती.

एका दुपारी मी ब्लाउज आणायला गेले तर आपा पडद्याआड उभ्या होत्या आणि छातीवरून लोहचुंबक फिरवत होत्या. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या उचलायला त्यांनी तो ठेवलेला होता, जुन्या स्पीकरमधला, रज्जाक भाईंनी काढून दिलेला.

"काय चाललंय?"

"सुईचं टोक गेलं आत. तुटलं असन कधीतरी. हे पाहा, हाताले लागते."

डाव्या बाजूला, जिथं त्या सुया खोचायच्या त्याच्या थोडं खाली, वाटाण्याएवढं काहीतरी कडक होतं. दुखत नव्हतं. दीड महिना झाला, त्या रोज दुपारी चुंबक फिरवत होत्या. टोक हळूहळू वर येईल आणि एक दिवस चुंबकाला चिकटेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. शिंपिणीशिवाय कोणाला हे सुचलं नसतं. तीस वर्षं त्या जागी सुया ठेवल्यावर तिथं दुसरं काही असू शकतं हा विचार डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात लावला आणि नागपूरची चिठ्ठी लिहिली. सुईचं टोक नव्हतं.

नागपूरला मी सोबत गेले कारण कागद इंग्रजीत होते आणि रज्जाक भाई दवाखान्यात गेले की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. तपासण्या झाल्या. कर्करोग होता, पण लहान होता. काखेत काही सापडलं नाही. सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी कोऱ्या कागदावर आकृती काढून सांगितलं की नुसती गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढू, नंतर पाच आठवडे किरणांचा शेक घ्यायचा, बाजू शाबूत राहील.

आपांनी आकृती नीट पाहिली. मग म्हणाल्या, "साहेब, दोन्ही काढून टाका."

"दोन्ही?"

"हो. जोडीनंच काढा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आपांनी कारण सांगितलं. त्यांची मोठी बहीण खैरुन बारा वर्षांपूर्वी याच आजारानं गेली होती. तिची एक बाजू काढली होती, तरी दोन वर्षांत संपली. दुसरी ठेवली म्हणून परत आलं, असं घरात सगळे म्हणायचे.

डॉक्टरांनी बहिणीचे कागद मागितले आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. बसमध्ये मी आपांना सरळ सांगितलं की त्यांचं म्हणणं मला पटतं. सेहेचाळीस वय, मुलं मोठी, काढून टाकलं की प्रश्न संपला. अर्धवट काम करून वर्षावर्षाला धास्ती कशाला. माझा स्वभावच तसा आहे. फ्रिज दोनदा बिघडला की मी तो विकते.

घरी सगळ्यांचं तेच मत पडलं. रज्जाक भाई म्हणाले, "दोनों निकलवा लो, झंझट खतम. मेरे को तू चाहिए, बस." ते मनापासून बोलले. शेजारणी म्हणाल्या, आता काय लेकरू पाजायचं आहे? ठेवायचं म्हणणं म्हणजे नखरा, आणि सगळं काढायचं म्हणणं म्हणजे हिंमत, असं बोलण्यात आपोआप ठरून गेलं. ठेवा म्हणणारे फक्त डॉक्टर होते आणि ते दीडशे किलोमीटर लांब होते.

बहिणीचे कागद रज्जाक भाईंनी तिच्या मुलाकडून आणले. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसानं डागाळलेले. ते मी वाचले. खैरुनची दुसरी बाजू शेवटपर्यंत निरोगी होती. आजार पाठीच्या मणक्यात आणि फुप्फुसात गेला होता, आणि गेला होता कारण पहिली गाठ तिनं दीड वर्ष पदराखाली लपवली. मी ते आपांना वाचून दाखवलं. त्या मशीनवर बसल्या होत्या, पाय थांबला नाही.

"म्हणजे दुसरीत नोतंच?"

"नव्हतं."

"मंग आम्ही बारा वर्षं काहून म्हनून राह्यलो?"

मी कागद परत पिशवीत घातले. 

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा टेबलावर वर्तमानपत्राचे तीन फर्मे कापून ठेवलेले होते. फर्मा म्हणजे कापड कापायच्या आधी कागदाचा करतात तो नमुना. तिन्ही फर्मे आपांच्या स्वतःच्या मापाचे होते. एक आज आहे तसा, एक डावी बाजू नसलेला, एक दोन्ही नसलेला. त्यांनी तिसरा उचलला.

"हा पाहा मॅडम. टक्स नाही, कटोरी नाही, काही नाही. पोराच्या शर्टासारखा सरळ. अर्ध्या घंट्यात शिवून होते."

"मग?"

"मंग काही नाही. कापायले सोपं हाय म्हनून मी कापून राह्यली काय, असं वाटलं."

फर्मा त्यांनी परत टेबलावर ठेवला, सुरकुती हातानं सपाट केली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बाह्या लावायला घेतल्या. 

डॉक्टरांपुढे मात्र त्यांनी उलटतपासणी केली. मी आजवर बऱ्याच पालकसभा पाहिल्या आहेत, पण इतके नेमके प्रश्न कोणी विचारलेले आठवत नाहीत.

"साहेब, उजव्यात काय हाय?"

"आज काही नाही."

"नुसती गाठ काढली अन् शेक घेतला, का डावं पूर्ण काढलं, माणूस जास्त कशानं जगते?"

"तुमच्या गाठीत दोन्हींनी सारखंच. ठेवलं तर त्याच बाजूला परत गाठ यायची शक्यता थोडी जास्त राहते. म्हणून दर वर्षी छातीचा फोटो काढायचा."

"अन् दोन्ही काढले तर?"

"उजव्या बाजूला नवीन गाठ होण्याची शक्यता जवळपास जाते. पण आयुष्य त्यानं वाढत नाही. जीव जातो तो आजार हाडांत, फुप्फुसात गेल्यानं. निरोगी बाजू काढून ते थांबत नाही." मग ते म्हणाले की बहिणीला होता म्हणून आपांवर जास्त लक्ष ठेवावं लागेल, घराण्यातला दोष पाहणारी एक रक्ताची तपासणी असते पण ती इकडे होत नाही, आणि एका बहिणीवरून ते दोन्ही काढा असं सांगणार नाहीत. "काही बायका भीती जावी म्हणून काढतात. तुम्ही ठरवलं तर मी नाही म्हणणार नाही."

आपा म्हणाल्या, "भीती तर डोक्यात हाय साहेब. ते थोडी काढता तुम्ही."

डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

"मंग उजवं राहू द्या," आपा म्हणाल्या. "अन् डाव्यातलं जेवढं खराब हाय तेवढं काढा."

बाहेर आल्यावर मी त्यांना आठवण करून दिली की शेक रोज घ्यायचा आहे, पाच आठवडे, ऐन लग्नसराईत. दुकान बंद राहील. त्या म्हणाल्या, "हो, ते आता भोगणं हाय." दुकान खरंच बंद राहिलं आणि चौकातल्या तयार कपड्यांच्या दुकानानं त्यांची अर्धी गिऱ्हाइकं नेली. त्यातली काही परत आलीच नाहीत. अर्धवट इलाज करून आली, आता परत होईल तेव्हा कळेल, असं म्हणणाऱ्याही होत्या. त्यातल्या दोघी-तिघी माझ्या शाळेतल्याच होत्या.

ऑपरेशन नीट झालं आणि शेकासाठी त्या नागपूरला नणंदेकडे राहिल्या. मी रविवारी एक-दोनदा जाऊन आले. शेकासाठी छातीवर आणि कुशीत शाईच्या रेघा आखलेल्या असतात, त्या पुसायच्या नसतात. आपांना त्या रेघांचं भारी कौतुक. "आपल्यासारखंच खडूनं आखते, पण याचा खडू पक्का हाय." एकदा त्यांनी शेकाच्या मशीनवरच्या मुलाला सुनावलं की आज रेघ दोन सूत डावीकडे आहे. त्यानं वाद न घालता मोजून दाखवलं. रेघ बरोबर होती, आपांनीच हात वेगळा ठेवला होता. त्यानंतर त्या मुलाबद्दल त्या आदरानं बोलायच्या. "मोजल्याशिवाय बोलत नाही," एवढीच त्यांची तारीफ, पण ती त्यांनी आयुष्यात दोन-चार जणांचीच केली असेल.

रांगेतल्या बायकांचे हाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरले. कातडी भाजल्यासारखी झालेली, हात वर होत नाही आणि अंगावर काखेत काचणाऱ्या घट्ट मुंढ्याची ब्लाउजं. नणंदेचं हातमशीन घेऊन त्यांनी एकेकीचे मुंढे सैल करून दिले, काखेतली शिवण पुढे सरकवली, हूक पुढून लावले. तिथंच त्यांना पूर्ण बाजू काढलेल्या बायका भेटल्या. जवळ शेकाची सोय नाही, रोजचं येणं झेपणार नाही, म्हणून कित्येकींनी लहान गाठीसाठीही सगळं काढून घेतलं होतं. आपांनी त्यांना चूक ठरवलं नाही. "ज्याचं गाव जितकं दूर, तितकं जास्त कापते," एवढंच मला म्हणाल्या.

पुढे माझी बदली यवतमाळला झाली. आपा दर वर्षी नागपूरला फोटो काढायला जायच्या आणि परतताना मला फोन करून एकच शब्द सांगायच्या: "साफ." असं सात वर्षं चाललं. आठव्या वर्षी फोन आला आणि त्या म्हणाल्या, "उजव्यात निघालं."

 मग त्याच पुढे म्हणाल्या की हे जुनं परत आलेलं नाही, नवीनच आहे, लहान आहे, पण एकाच बाजूत दोन जागी आहे, एकमेकांपासून लांब. नुसत्या गाठी काढून भागणार नाही. पूर्ण उजवं काढायला सांगितलं आहे.

"आपा, तेव्हाच काढलं असतं तर," मी म्हणाले. तेव्हा त्यांना कागद मीच वाचून दाखवले होते.

"तेव्हा त्यात काही नोतं. साऱ्या बायका आता तेच म्हनून राह्यल्या, पाहा आम्ही सांगत होतो. मी म्हटलं, आठ वर्षं होतं नं माझ्याजवळ. फुकट काहून देऊ?"

"आता काय ठरवलं?"

"ठरवायचं काय? आता कारण हाय. परवाची तारीख घेतली."

ऑपरेशनच्या वेळी मी नागपूरला होते. डॉक्टर तेच, केस पांढरे झालेले. त्यांनी या वेळी स्वतःहून विचारलं की एक बाजू राहिल्यावर तोल बिघडतो, डावंही काढून सारखं करायचं का. आपा गाऊन घालून खाटेवर बसल्या होत्या. "डाव्यानं काय केलं?" म्हणाल्या. "त्यानं तर पाच आठवडे शेक सहन केला." डॉक्टरांनी कागदावर उजवं असं लिहून खाली रेघ मारली. ज्या बाईनं आयुष्यभर जोडीचं जोडीनं कापलं, तिनं सही केली ती एका बाजूवर.

त्या उठल्या, बऱ्या झाल्या आणि दीड महिन्यात मशीनवर बसल्या. रिकाम्या बाजूचा प्रश्न त्यांनी शिवणाचा प्रश्न म्हणून घेतला. आधी कापूस भरून पाहिला. कापसाच्या मुलखात दुसरं काय सुचणार. पण कापूस हलका, दिवसभरात गळ्याकडे चढायचा आणि खांदा एका बाजूला झुकायचा. मग तुरीची डाळ, ती टोचली. मग मोहरी. मऊ मांजरपाटाच्या दुहेरी पिशवीत मोहरी भरली, वरून कापसाचा पातळ थर दिला, आणि ती ब्लाउजच्या आत शिवलेल्या खिशात बसवली. वजन बरोबर आलं, वाकलं की मोहरी अंगासारखी सरकायची. दर दोन-तीन महिन्यांनी जुनी मोहरी टाकून नवी भरायची, नाहीतर वास येतो. हे त्यांनी मला फोनवर अर्धा तास समजावलं. दवाखान्यात भेटलेल्या बायका त्यासाठी त्यांच्याकडे यायला लागल्या. वणीहून, राजूरहून, एक तर आदिलाबादेहून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पांढरकवड्याच्या स्टँडवर, बसच्या खिडकीतून. मी शाळेच्या जुन्या कामासाठी गेले होते आणि भेटायला वेळ झाला नव्हता. समोरच्या किराणा दुकानात आपा उभ्या होत्या. पाठ ताठ, खांदे सारखे. कोणती बाजू कोणती, हे मला माहीत असूनही सांगता आलं नसतं. शेजारी एक तरुण बाई होती, पदर उजव्या खांद्यावरून आवळून धरलेला, नजर खाली.

आपांनी पोत्यात हात घालून मूठभर मोहरी उचलली, बोटांतून सोडली, नापसंत केली आणि पलीकडच्या पोत्याकडे वळल्या. दुकानदारानं तराजू पुढे ओढला.

"लोणचं टाकून राह्यल्या काय आपा?"

"हो," आपा म्हणाल्या. "बारीक दाण्याची द्या. किडकी नको."

ती बाई पदरात तोंड लपवून हसली. कंडक्टरनं घंटी दिली आणि बस वळली.